बंद करून येतो

अकोला, शुक्रवार, मार्च १९५८

हे गेल्यावर आज पहिल्यांदा भाऊजींनी आमचं कापडाचं दुकान उघडलं. संध्याकाळी किल्ली द्यायला आले. "वहिनी, दुकान वाढवून आलो."

हेही रोज असंच म्हणायचे. 'बंद' म्हणायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. मी शाळेत शिकवणारी, मला हसू यायचं. त्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन हे परत दुकानाकडे निघाले, तेव्हा म्हटलंच, "शब्दानं काय होतं? बंद करतो म्हणा सरळ." सायकलवर बसता बसता हे मागे वळून हसले. "बरं मास्तरीणबाई, दुकान बंद करून येतो."

दुकानाच्या पायरीवरच कोसळले. कुलूप हातात होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. शब्दानं माणूस मरत नाही, हे मी वर्गात कुणालाही पटवून देईन. पण सायकलवरून ते मागे वळून हसणं? माझं मन राखायला म्हणाले ना ते?

आत्ता जेवणं झाल्यावर सुमननं विचारलं, "आई, चुलीजवळचा कंदील विझवू?"

मी एकदम ओरडले, "मालवू म्हण."

पोर बघतच राहिली. "काहून? तूच त बाबाले म्हणे, शब्दानं काही होत नाही."

तिनं ऐकलं होतं तर.

कंदील अजून तसाच आहे. दोघींपैकी कुणीच हात लावला नाही.