मागाचे डाग

११ जुलै
आईनं आज डॉक्टरले तोंडावर खोटं सांगितलं! ते विचारून राहिले होते, घरात आधी कोणाले रक्ताचा कॅन्सर? अंगावर उगाच निळे डाग? आई म्हणे, "नाही जी, आमच्यात तसं काही नाही."

वैभव बाजूच्याच खाटेवर, तोंड पांढरंफटक. माझा पाठचा भाऊ. माझा बोनमॅरो त्याच्याशी पूर्ण जुळला, मी द्यायले तयार आहे, आणि ही बाई लपवून राहिली. मग कुसुमआत्या कशानं गेली? हिरड्यांतून रक्त यायचं तिच्या. मांड्या निळ्याकाळ्या.

१२ जुलै
आईले धरलं. "ते मागाचे डाग वं. कोष्ट्याच्या अंगावर राहतेच. दांडा लागते."
तीच टेप! आजोबाले दांडा लागला, आत्याले लागला, बाबांच्या पिंढऱ्यांवर आजही डाग. अरे, हातमाग विकून जमाना झाला! वैभव वाडीले गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहिते — त्याले कोणता दांडा लागला?

बाबांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "तवा सांगितलं असतं तं तुझं लग्न जमलं असतं काय?"
माझ्या लग्नासाठी म्हणे. मले कोणी विचारलं होतं? जेवली नाही.

१४ जुलै
मीच डॉक्टरले सगळं सांगून आली. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, असे डाग म्हणजे रक्तातला दोष असू शकतो, तो घराण्यात उतरतो, दर लेकराले निम्मी शक्यता. तुमच्यात असला तर तुमचा बोनमॅरो चालणार नाही, तोच दोष त्याला परत देऊ. आधी तुमची तपासणी.

म्हणजे आईचं ऐकलं असतं तर मीच माझ्या हातानं — वॉर्डासमोर ओरडली तिच्यावर. ती चहाचा थर्मास घेऊन उभी होती. मले काही वाईट वाटलं नाही.

२० जुलै
रिपोर्ट नाही. वैभव म्हणे, "ताई, तुझं रक्त आलं तं मीबी भांडकुदळ होईन वं."
आईशी अबोला.

२ ऑगस्ट
माझ्यातही आहे. मी देऊ शकत नाही. बाहेरचा दाता शोधतील, भेटला तर.
डॉक्टर म्हणाले, मुलीलाही आणा.

घरी आली तर सासूबाई माझ्या ऋतुजाचा हात उलटापालटा करून पाहून राहिल्या होत्या. कोपराखाली निळा डाग.
"हे कायचं वं, अंजू?"
मी म्हटलं, "सायकल लागली."