ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं

बाबा, तुमचं लाल कुलूप मी आज भांडणात वापरलं. किल्ली माझ्या कुर्त्याच्या खिशात आहे, फोन टेबलावर पालथा पडलाय आणि मधूनमधून थरथरतोय. संध्याकाळ झाली आहे, दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटवरून एकामागून एक विमानं उतरताहेत, आणि मी कुकर न लावता स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही असतात तर जेवलीस का वगैरे काही न विचारता आधी म्हणाला असतात, "मशीनला झालंय काय?" तेच सांगायचं आहे. पण सरळ सांगता येणार नाही, कारण मध्ये तुमच्यावरचा एक जुना राग आडवा येतो, आणि तो ओलांडल्याशिवाय मला आजच्या दिवसापर्यंत पोचता येत नाही.

सरकारी क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवा. आईला चटणी वाटायची असायची आणि तुम्ही दारात उभे. मिक्सरच्या भांड्यात चमचा घालायचा तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, तो प्लग डोळ्यांसमोर ओट्यावर, आणि त्यानंतरसुद्धा एकदा चालूचं बटण दाबून बघायचं. आई कावायची. "चटणी वाटतेय हो मी, आगगाडी नाही चालवत!" तुम्ही हसायचात, पण दारातून हलायचा नाहीत. तुमच्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालायचं. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच मेलंय ना ते बघायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तो सापडत नसेल तर पायी हिंडून त्याला शोधायचं, घरी गेला असेल तर घरून बोलवायचं, तोवर यंत्र झोपलेलं राहील. "कुलूप तुझं, किल्ली तुझी, हात तुझा," असं तुम्ही तुमच्या मराठी हिंदीत पोरांना ऐकवायचात, आणि पोरं मागे तुमची नक्कल करायची. मीही करायची, कारण त्या वर्गात मीही होते. घरात बाबा, वर्कशॉपमध्ये सर.

आणि मग ती प्रॅक्टिकलची परीक्षा. माझ्या वाट्याला आलेल्या लेथच्या पॅनेलवर आधीच्या मुलाचं कुलूप तसंच लटकत होतं, किल्ली त्यातच. तो मुलगा पाणी प्यायला गेलेला. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "खोल लो बेटा, टाइम क्यों वेस्ट करती हो?" मी किल्ली फिरवली. तुम्ही भिंतीपाशी उभे होतात. तुम्ही पुढे आलात, माझ्या हातातून किल्ली घेतलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "फेल." आवाजसुद्धा चढवला नाहीत. ते बरोबर होतं, बाबा, मी तेव्हाही मनात ते बरोबरच म्हटलं होतं. पण त्यानंतर तुम्ही वळलात, आणि ज्यांनी मला खोल म्हणून सांगितलं त्या साहेबांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिलात. कपाखाली बशी, बशीत बिस्किटं. त्यांना एक शब्द बोलला नाहीत. परत येताना बस रिजच्या टेकडीवरून गेली. तिथलं हिंदूरावांच्या नावाचं हॉस्पिटल आलं की "हा आपल्याकडचाच माणूस बरं का, ग्वाल्हेरहून आलेला" असं प्रत्येक वेळी न चुकता सांगणारे तुम्ही त्या दिवशी खिडकीबाहेर बघत गप्प बसलात. रात्री आईने विचारलं, "स्वतःच्या मुलीला नापास केलंत?" तुम्ही म्हणालात, "यंत्राला मुलगी कळत नाही." मी ताटावरून म्हटलं, "मग यंत्राला साहेब कळतात का?" तुम्ही भाजी वाढून घेतलीत. मग तुम्ही जेवलात.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले तेव्हा तुम्ही हे कुलूप दिलंत. पितळी, वरून लाल ऑइलपेंट दिलेलं, मागे खिळ्याने माझं नाव मराठीत कोरलेलं. मी ते घेतलं, जपलं, पण चहाची गोष्ट काही विसरले नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता बराच काळ लोटला, आणि माझ्या शेजारच्या मैत्रिणीला तुमच्याबद्दल सांगताना मी सगळं चांगलं सांगून झाल्यावर शेवटी ती कपबशी आणतेच. वाईट खोड आहे ही.

आता ऐका. दिल्लीबाहेर मानेसरच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना आहे, तिथे मी अप्रेंटिस मुलामुलींना यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती शिकवते. या तुकडीत एक मुलगी पानिपतची आहे. आपल्या घरात दूध उतू गेलं तरी पानिपत झालं म्हणायचे, त्यामुळे पहिल्या दिवशी तिने गावाचं नाव सांगितलं आणि मला हसू फुटलं. ती बिचारी गोंधळली. हातमागाच्या आवाजात वाढलेली पोर आहे, बेअरिंग बिघडलंय हे तिला कानाने कळतं. घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने पाठवलंय. इथून सर्टिफिकेटशिवाय परत गेली तर पुन्हा उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, हे तिने मला सांगितलंय आणि ते खरं आहे.

काल आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीजींनी मोठ्या रोलरच्या मशीनला स्वतःचं कुलूप लावलं आणि मागच्या बाजूने आत वाकून ते काम करत बसले. ही मुलगी पुढच्या बाजूला हत्यारं लावत होती, तिथून ते दिसत नव्हते. मी त्या वेळी दुसऱ्या शेडमध्ये. प्लांट हेड आले, माल अडकला म्हणून आधीच तापलेले. मिस्त्री कँटीनमध्ये दिसला होता, असं म्हणाले. दिसलेही असतील, पण ते चहा पिऊन परत आले होते. प्लांट हेड तिला म्हणाले, "कटर ला और काट इसे." तिने कुलूप कापलं. स्विच वर होताच रोलर फिरला आणि मिस्त्रीजींची बाही आत ओढली गेली. कुणीतरी मशीन थांबवायच्या लाल बटणावर हात मारला म्हणून हात वाचला. कोपरापर्यंत सोललंय, खांदा दुखावलाय. मी धावत गेले तेव्हा ते जमिनीवर बसून आपली बोटं उघडझाप करून बघत होते, आणि ती मुलगी कापलेलं कुलूप ओंजळीत धरून उभी होती.

प्लांट हेड माझ्या ट्रेनिंगच्या खोलीत आले. "मॅडम, ताला लड़की ने काटा है, सबने देखा है. इसको हटा दो, बात खत्म." मी विचारलं, "काटने को किसने बोला?" तर ते हसले. "अरे यार, प्रोडक्शन में आदमी दस बातें बोलता है. कौन सी सुननी है, वो तो आप सिखाती हो ना?" मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. आणि बाबा, हे सगळं ऐकत असताना माझा हात किटलीकडे गेला होता. मी त्यांना चहा केला. साखर किती तेही विचारलं. ते गेल्यावर तो रिकामा कप टेबलावर दिसला. तुम्हाला तेव्हा काय वाटलं असेल ते मला इतक्या वर्षांनी कळलं. ती नम्रता नव्हती, शिष्टाचार नव्हता. भीती होती, साधी पोटातली भीती, क्वार्टरची, नोकरीची, माझ्या फीची. मी तुम्हाला भित्रा म्हणत आले आणि माझे हातसुद्धा तुमच्यावरच गेलेत.

त्या मुलीला मी बोलावलं आणि सांगितलं, की या कामात तू नापास आहेस, हा भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. तिने मान हलवली. मग विचारलं, "मॅडम, सर ने बोला था काटो. मैं ना बोल सकती थी क्या?" ना म्हणता यायला हवं, असं मी फळ्यावर लिहिते. पण तिच्याआधी तिच्यासाठी कुणी ना म्हटलेलं तिने बघितलं कुठे आहे? मीही नव्हतं बघितलं. सॉरी बाबा, पण नव्हतंच बघितलं.

म्हणून आज सकाळी मिस्त्रीजींचं अर्धवट काम पुरं करायला मी त्या मशीनवर तुमचं लाल कुलूप लावलं. बटण दाबून बघितलं. मशीन मेलेलं होतं. मग प्लांट हेडना जाऊन सांगितलं, की शिफ्टसमोर उभं राहून "कापायला मी सांगितलं" एवढं म्हणा, मुलगी राहील आणि कुलूप निघेल. ते आधी हसले, मग ओरडले, मग म्हणाले, "कटर तो हमारे पास भी है." मी म्हटलं, "बिल्कुल. चलो, इस बार आप काटिए, सबके सामने." ते थांबले. मशीन दिवसभर उभं आहे. फोन त्यांचाच येतोय, कदाचित त्यांच्याही वरच्यांचा. उद्या मी नोकरीत असेन की नाही, मला माहीत नाही. सारखी किल्ली चाचपून बघतेय. ती मुलगी तिच्या पीजीच्या खोलीत बसून माझ्या फोनची वाट बघत असेल. तिलाही काय सांगायचं ते कळत नाही.

हा कागद कुठे जाणार नाही, त्यामुळे खरं काय ते लिहून टाकते. रोलरचं काम दुपारी जेवणाआधीच संपलं होतं. बेअरिंग बसलं, वाकलेली जाळी सरळ झाली, मी हात पुसले, हत्यारं मोजून पेटीत ठेवली. तुमच्या नियमाप्रमाणे कुलूप त्याच क्षणी काढायला हवं होतं. यंत्रात कुणाचा हात नसताना कुलूप ठेवायचं नसतं, हेही तुम्हीच शिकवलं होतंत. मी ते काढलं नाही. तुम्ही मला पुन्हा नापास केलं असतंत. करा, बाबा. फक्त या वेळी त्यांना चहा द्यायला जाऊ नका.