ठकीच्या नावानं

१४ ऑक्टोबर
मंगळवार, दुपार

प्रिय ठके,

अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. मोठी बहीण असल्यामुळे मला द्यावेच लागतात.

मी बरी आहे. घराला आतून रंग काढला. स्वयंपाकघराचा रंग डब्यावर दिसत होता त्यापेक्षा बराच गडद निघाला, त्यामुळे चहा करताना रोज कुणाच्या तरी परक्या घरात शिरल्यासारखं वाटतं. चष्म्याचं दुकान सोडून आता बरीच वर्षं झाली, तरी मालक अधूनमधून बोलावतात. नव्या मुलींना चष्म्याच्या काड्या अजून नीट वाकवता येत नाहीत म्हणे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मांजर माझ्याकडे जेवते आणि त्यांच्याकडे झोपते. म्हणजे मी खानावळ आणि त्या लॉज.

आता कामाचं. तू रोपवाटिकेतले फोटो टाकतेस त्या ॲपवरचं तुझं खातं चोरीला गेलंय. तुझ्या नावानं, तुझ्या फोटोसकट, तिथून भलतंच कोणीतरी लोकांशी बोलतंय. मलाही मेसेज आला. तर खातं लगेच परत मिळव, पासवर्ड बदल, आणि तुझ्या गिऱ्हाइकांना सांग, की तुझ्या नावानं कोणी कोड मागितला तर देऊ नका. हे मी तुला तिथेच लिहिलं असतं तर ते आधी चोरानं वाचलं असतं, म्हणून पत्र.

एवढंच कळवायचं होतं.

एवढंच असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी लिफाफा आणलाय. तेव्हा आता सांगतेच.

तुझे फोटो मी पाहते. पहिल्यापासून पाहते. खाली ते हृदयाचं चिन्ह असतं ना, त्याला चुकून बोट लागू नये म्हणून फोन टेबलावर ठेवून, हात मागे घेऊन पाहते. तुझ्या त्या काळपट पानांच्या झाडाला कळी आली तेव्हा मी शिंपीणबाईंना दाखवली. "कुणाची बाग हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ओळखीतल्या एका बाईंची."

गेल्या महिन्यात एका सकाळी तुझ्या नावानं मेसेज आला. "कशी आहेस? खूप दिवस झाले." चहा उतू गेला. खरंच गेला, शेगडी पुसायला अर्धा तास लागला. पुसता पुसता मी ठरवलं की उत्तर द्यायचं नाही. शेगडी पुसून झाल्यावर दिलं.

मग रोज बोलणं सुरू झालं. सकाळी "शुभ सकाळ ताई", संध्याकाळी "जेवलीस का". तू मला कधीतरी ताई म्हटलंयस का गं? जन्मात नाही. "तायडे" म्हणायचीस, तेही दुरून ओरडून. पण मला वाटलं, मधे इतकी वर्षं गेली, अंतर पडलं की माणूस अदबीनं बोलतो. मन कसं असतं बघ. चोराला त्यानं न मागितलेली सबबसुद्धा मीच पुरवली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विचारलं. तुझे भाऊजी गेले तेव्हा तू का आली नाहीस, हे. इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य, ते अंगठ्यानं टाइप केलं आणि पाठवून दिलं. आणि लगेच उत्तर आलं, "ताई, माझं चुकलं. मी यायला हवं होतं. मला माफ कर."

ठके, तिथंच मला कळायला हवं होतं. लहानपणी माझी दौत सांडून तू दौतीलाच रागे भरली होतीस. तू आणि इतक्या लवकर माफी! पण मी ते वाक्य किती वेळा वाचलं, ते विचारू नकोस. त्या दिवशी मी बाजारातून चालत घरी आले आणि पिशवीचं ओझं जाणवलं नाही.

पुढचं सगळं तुला वर्तमानपत्रात वाचल्यासारखं वाटेल. एका दुपारी जेवण आटोपून बसले होते. मेसेज आला, "ताई, माझा फोन बिघडलाय, खातं बंद पडेल. तुझ्या फोनवर सहा आकडे येतील ते मला पाठव." आकडे आलेही. मी ते टाइप केले. पाठवायच्या बाणावर बोट होतं. पण आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा कोड कोणालाही सांगू नका. आता, दुकानात माझा सगळा जन्म लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणण्यात गेला. मी खालची ओळ वाचली. म्हटलं, कोणालाही म्हणजे ठकीलाही?

मी लिहिलं, "आधी फोन कर. आवाज ऐकायचाय."

"माइक चालत नाही ताई. कोड पाठव. लवकर."

"दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कर."

"ताई लवकर. पाच मिनिटांत बंद होईल. माझ्यावर विश्वास नाही का?"

तू एका कलमाला पालवी फुटायची दोन-दोन वर्षं वाट बघतेस. तुला पाच मिनिटांची कसली घाई? मी आकडे पुसले आणि फोन उशीखाली घातला, जणू त्यातून तो माणूस बाहेर येणार होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. तिथे आम्हा म्हाताऱ्यांना फोन-इंटरनेट शिकवायला एक बाई येतात. शांत आहेत. एकच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगतात. त्यांनी सगळं वाचलं आणि एकच विचारलं.

"बहिणीला फोन लावून विचारलंत का?"

"लागत नाही," मी म्हटलं.

"नंबर बदललाय का? सांगा, मी लावून बघते."

"नको. ती कामात असते."

खोटं बोलले. नंबर मला पाठ आहे. त्या वर्गात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय, की शंका आली तर त्या माणसाला स्वतः फोन करून खात्री करा. बाकी सगळं मी करू शकते गं. पासवर्ड लांब ठेवते, अनोळखी लिंक उघडत नाही, बक्षीस लागलंय म्हणणाऱ्याला हिंग लावून विचारत नाही. एवढी एकच गोष्ट माझ्याच्यानं होत नव्हती. चोराला ते ठाऊकही नव्हतं. त्यानं आपला अंधारात दगड मारला आणि तो बरोबर तिथे लागला.

बाईंनी मग माझ्याकडून सगळं बोलणं पहिल्यापासून वाचून घेतलं. "त्यानं स्वतःहून काय सांगितलं आणि तुम्ही आधी काय सांगितलंत, ते वेगळं करा," म्हणाल्या. वेगळं करायला काही उरलंच नाही. भाऊजी गेल्याचं मी सांगितलं. तुझं न येणं मी सांगितलं. आपलं न बोलणं मी सांगितलं. त्यानं फक्त माझंच मला परत वाढलं. ठकीच्या नावाखाली शुद्ध ठक.

बाईंनी माझा पासवर्ड बदलून घेतला, पासवर्डनंतर पुन्हा कोड मागणारं दुहेरी कुलूप लावायला शिकवलं, आणि त्या खात्याची तक्रार कशी करायची, त्याला ब्लॉक कसं करायचं ते दाखवलं. "आत्ता करताय ना?" मी म्हटलं, घरी जाऊन करते.

घरी जाऊन केलं नाही. आता हे मी कुणाजवळ बोललेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "शुभ सकाळ ताई, रागावलीस का?" आलं. चोर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी चहा घेऊन समोर बसले आणि ते नीट वाचलं. वर तुझा फोटो होता, हातात खुरपं, नाकाला माती. मग ब्लॉक केलं. फक्त नंतर दिवसभर घर फार मोठं वाटलं.

शिंपीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आकडे दिले नाहीत ना? मग गेलं काय तुमचं?" मी म्हटलं, काही नाही.

खातं परत मिळालं की आमचं ते सगळं बोलणं तुला तिथे दिसेल. न वाचता पुसून टाक. ते तुला लिहिलेलं नव्हतं.

उत्तराची घाई नाही. कोड मागत नाहीये मी.

तुझी
ताई
(तू म्हणायचीस ती, तायडी)


२२ ऑक्टोबर

तायडे,

आशीर्वाद ठेवून घेतले. परत पाठवायला पोस्टाचं तिकीट लागतं.

खातं परत मिळालं. मी दोन महिने त्यात लक्षच घातलं नव्हतं, पावसात पडलेली शेड पुन्हा उभी करायच्या मागे होते. उघडत नाही म्हणून सोडून दिलं होतं. तुझं पत्र आल्यावर बियाणंवाल्याच्या सुनेला बोलावलं, तिनं दुपारभर बसून सोडवलं. माझ्या तीन गिऱ्हाइकांनाही त्यानं कोड मागितला होता. एका मास्तरांनी दिला. आता त्यांच्याही नावानं मेसेज जातायत. सगळ्यांना फोन केले, घसा बसला.

न वाचता पुसून टाक म्हणतेस. ते तुला लिहिलेलं नव्हतं म्हणतेस. वर नाव कुणाचं होतं?

वाचलं. खताच्या पोत्यावर बसून सगळं वाचलं, कामवाल्या बाया दोनदा येऊन बघून गेल्या. आधी मला भयंकर राग आला, आणि तो तुझा नाही. माझी माफी माझ्याआधी कुणी परस्पर मागून मोकळं व्हावं? आणि तू ती देऊनही टाकलीस! "जाऊ दे, आता बोलतेयस ना," असं लिहिलंयस तू त्याला. ते माझं होतं. मी ते त्याच्याकडून परत घेतलंय असं समज.

का आले नाही, तर ऐक. पहिल्या दिवशी गाडी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून लाज वाटली. आणि तिसऱ्या दिवसापासून, मला लाज वाटायला लावलीस म्हणून मी तुझ्यावरच रागावले. याहून मोठं कारण नाही. इतकी वर्षं तू काहीतरी मोठं धरून बसली असशील, म्हणून सांगते.

आता मुद्द्याचं. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन एकोणतीस तारखेला आहे, हे तू मला पत्रात लिहिलं नाहीस, त्याला लिहिलंस. "घरी न्यायला कोणी आहे का असं दवाखान्यात विचारतात, मी आहे म्हणून सांगून टाकलं," हेही त्यालाच. त्यानं "काळजी घे ताई" लिहून एक हृदय पाठवलं. शिवाय त्या दिवशी घर बंद असेल आणि किल्ली जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर असेल, हेसुद्धा तू एका अनोळखी चोराला कळवलंयस! लांब पासवर्ड ठेवते म्हणे. पत्र वाचलंस की आधी उठ आणि ती किल्ली तिथून काढ. काढलीस का? मग पुढे वाच.

मी अठ्ठावीसला संध्याकाळपर्यंत पोचते. रोपवाटिका आठवडाभर बाया बघतील. दवाखान्याच्या कागदावर माझा नंबर घाल, तुला पाठ आहेच. थेंब किती वेळानं घालायचे ते मीच डॉक्टरांना विचारीन, तू काहीही सांगशील. आणि मधे कुणीही माझ्या नावानं काही विचारलं, अगदी "जेवलीस का" एवढंच, तरी आधी मला फोन लाव. कामात असले तरी लाव.

बेल वाजली की लगेच दार उघडू नकोस. आतून आधी विचार, कोण आहे म्हणून.

मी ओ देईन.

तुझी
ठकी