चौथं नाव

३ मार्च
आज पुलाच्या दुरुस्तीवर रुजू झाले. सव्वाशे वर्षांचा पूल, चार दगडी खांब, बघताक्षणी आवडला. माझं काम म्हणजे खांब हातोडीने ठोकायचा आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल काढायचा. हजेरीत शाळेतलं नाव लिहिलं, प्रपाई. घरचं ‘चन’ कुणाला सांगितलं नाही, कामावर बरं दिसत नाही. मुकादम थावोनदादा म्हणाले, “हळू ठोक गं पोरी, तुझ्या पणज्याच्या वयाचा आहे तो.” सगळे हसले, मीसुद्धा.

५ मार्च
तीन खांब ठणठणीत, चौथा आतून पोकळ. एप्रिलात नववर्षाचा सोंगक्रान सण येतो, त्याआधी त्यात पातळ सिमेंट भरायचं आहे. पुलाच्या टोकाशी चिकट भात विकणाऱ्या बुनलममावशींना हे सांगितलं, तर त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, पाया घालताना गावातून चार नावं पुकारली होती. जो ओ देईल त्याला खांबात जिवंत चिणत. इन, मन आणि खोंग यांनी ओ दिली. चौथ्याने दिलीच नाही.
चौथं नाव चन.
मी माझं घरचं नाव सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का?

८ मार्च
दुपारी दुरुस्तीसाठी पाडलेल्या दारातून शिडीने चौथ्या खांबाच्या पोकळीत उतरले होते. एकटीच. भिंतीकडून म्हाताऱ्या, मायाळू आवाजात हाक आली, “चन.”
मोठ्यांना दुसऱ्यांदा हाक मारायला लावू नये, हे आईने लहानपणापासून अंगात मुरवलंय. तोंडातून ओ निघून गेली.
तिथे कुणी नव्हतं.

८ मार्च, संध्याकाळ
घरी निघाले. समोर पुलाच्या टोकाशी मावशींची छत्री दिसते. दोनशे पावलं मोजली – पुन्हा चौथा खांब. उलट दिशेने गेले – तोच खांब. थावोनदादा शेजारून गेले. मी त्यांची बाही धरली. त्यांनी डास झटकावा तशी ती झटकली.

९ मार्च
आत आहे. पुन्हा उतरले नव्हते – शपथ. शिडी नाही. दार होतं तिथे दगड, एका फटीतून उजेड.

तारीख –
फटीतून दादांचा आवाज. “प्रपाई, बाहेर आलीस ना? सिमेंट सोडतोय.”
नाही म्हणून ओरडले. घसा फाटेपर्यंत –
बाहेरून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात. दादा हसून म्हणाले, मग लांब उभी राहा.
पाय गार. गुडघे –
आई, मी फक्त