बाटलीवरचा कागद

आई,

सकाळी फोनवर तू हसत म्हणालीस, "ढब्ब्याला ना ताप, ना खोकला. उगाच कशाला रोज औषध पाजायचं? परवापासून मी बंदच केलंय." मी लगेच तुझ्या सुनेला फोन लावला.

अगं, ते खोकल्याचं नाही. बाटलीवरचा कागद मीच खरवडून काढला होता. तुझ्या सुनेला एचआयव्ही आहे, मलाही आहे. बाळाला होऊ नये म्हणून ते औषध. त्याची पहिली रक्ततपासणी चांगली आली, पण पुढची बाकी आहे. सून काम टाकून त्याला दवाखान्यात घेऊन गेली. औषध पुन्हा चालू झालंय. डॉक्टरीणबाई तिच्यावरच ओरडल्या, पण तिने तुझं नाव घेतलं नाही.

कुणामुळे कुणाला झालं, ते मला विचार. तिला नको.

हे पत्र टाकलं तर शेजारच्या काकू तुला वाचून दाखवणार, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून खिशातच ठेवतोय. रंगाचा ब्रश मुकादमाच्या हातात दिला, आता गाडीची वाट बघतोय. समोर बसून सांगेन. हवं तर मला दोन ठेवून दे. पण सगळं ऐकल्यावरही ढब्ब्याला मांडीवर घे, आणि औषध तूच पाज.

तुझा,
भटक्या