बायकांची रांग

सोमवार, २ सप्टेंबर

आज कोर्टाच्या फाटकावर रुजू झाले. निळा गणवेश खांद्यात दोन बोटं सैल आहे, पण आईनं अंथरुणातून मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, आता तरी तुला कुणी घाबरेल. सहा महिने उमेदवारीवर, मग कायम.

काम सरळ आहे. बॅग ट्रेमध्ये, ट्रे स्कॅनरमध्ये, माणूस चौकटीतून. चौकट वाजली की पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, पडद्याआड, माझ्याकडे. आधी हातातलं यंत्र फिरवायचं, मग हाताच्या पाठीनं चाचपायचं. कात्री, सुरी, लायटर, जे मिळेल ते कप्प्यात ठेवून पितळी बिल्ला द्यायचा. माझ्याबरोबरची मोठी बाई इथे अकरा वर्षं आहे. स्कॅनरवर बसणाऱ्याला सगळे दिव्यदृष्टी म्हणतात. लोकांच्या बॅगेतली टाचणी त्याला दिसते, स्वतःच्या कपाळावरचा चष्मा सापडत नाही. पहिल्याच दिवशी इतकी हसले की बरं वाटलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

इथे कुणी हौसेनं येत नाही. जो तो कुणाचा तरी राग घेऊन येतो आणि त्याला पहिली भेटते मी. केसातली पिन काढायला लावली म्हणून एका वकीलबाईंनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. एकानं ट्रे आपटला, तो माझ्या बोटांवर. मोठी बाई म्हणते, गेंड्याची कातडी कर, नाहीतर घरी बस.

गोड बोलणारी एकच. सत्तरीची म्हातारी, कमरेला दुखण्याचा पट्टा, त्यात पोलादी पट्ट्या. त्यामुळे चौकट वाजतेच. वरच्या मजल्यावरच्या कोर्टात तिच्या मुलाचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. मला लेकी म्हणते. आईचं दुखणं विचारून घेतलं, शेकायला सांगितलं. पट्टा सोडायचा तर बिचारी कण्हत बसणार. नाही सोडायला लावला.

सोमवार, ९ सप्टेंबर

म्हातारीची सून पाहिली. राखाडी स्वेटर, तोंड शिवल्यासारखं. हात वर करा म्हटलं तर असं बघितलं, जणू मीच तिच्या वाईटावर टपलेय. तपासून झाल्यावर बॅग ओढून घेतली आणि गेली. म्हातारी नंतर पडद्याआड डोळे पुसत म्हणाली की हिनं सोन्यासारखं घर मोडलं. मला पटलं. म्हातारीला पट्ट्यासकट तशीच सोडली.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सकाळी सुनेच्या बॅगेत तिखटाच्या फवाऱ्याची बाटली निघाली. मी काढून घेतली. ती पहिल्यांदाच बोलली. नवऱ्यानं धमकी दिलीय, तो वर असणार, निदान जिन्यापर्यंत तरी बाटली राहू द्या म्हणाली. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला दिला. तिनं तो मुठीत आवळला आणि गेली. तिच्यामागे दोघी सोडून म्हातारी होती.

साडेअकराला वरून किंकाळी आली. नवऱ्यानं तिला वरच्या कोर्टाच्या दारातल्या बाकाशेजारी सुरीनं भोसकलं. नऊ वार. रुग्णवाहिका येईपर्यंत संपली होती.

पुरुषांच्या बाजूला कॅमेरा आहे. त्यात नवऱ्याची झडती नीट झालेली दिसते, खिसे रिकामे. मग सुरी आली कुठून, असं साहेबांनी पाच वेळा विचारलं. पडद्याआड कॅमेरा नसतो. बायकांच्या रांगेत प्रत्येकीची पूर्ण तपासणी झाली, असं मी सांगितलं. रजिस्टरमध्ये तेच लिहून सही केली. इथेही तेच लिहिते. प्रत्येकीची पूर्ण तपासणी झाली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मोठ्या बाईनं बाजूला नेऊन सांगितलं, तोंड उघडलंस तर तू बुडशील आणि मलाही घेऊन बुडशील. म्हणजे तिला माहीत आहे. म्हातारीला चार प्रश्न विचारून घरी पाठवलं. जाताना तिनं माझा हात दाबला. तिचा हात ऊबदार होता. घरी येऊन तीनदा हात धुतले.

मंगळवार, १७ सप्टेंबर

रांगेच्या टोकाला, रस्त्याशी, राखाडी स्वेटर. असा स्वेटर शंभर जणींकडे असतो. मग तिनं मान वळवली.

दिव्यदृष्टीला विचारलं, शेवटी कोण उभं आहे. तो म्हणाला, रांग खांबापाशीच संपते, त्यापुढे कुणी नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज खांबापाशी. रोज चार-पाच जणींनी पुढे येते. तिच्या पुढची बाई सारखी मागे बघते, मान चोळते.

मी आता प्रत्येकीला तपासते. बूट, अस्तर, केसांचा अंबाडा. एकीनं मला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. दुसरी थुंकली. तक्रारी वर गेल्यात. तरी हात थांबत नाहीत.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पडद्याशी आली. डाव्या हाताची मूठ मिटलेली. स्वेटर पुढून काळा, वाळलेला.

एक्केचाळीसच्या कप्प्यात बाटली अजून पडून होती. मी काढली, तिच्यापुढे धरली. म्हटलं, ताई, घ्या तुमची. तिनं बाटलीकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत राहिली. मागच्या बायका ओरडायला लागल्या, वेडी झालीस का, कुणाशी बोलतेस, रांग सोड.

आईला सांगितलं नाही. ती विचारते, रडतेस का.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मुलाला कोठडीतून आणणार होते. म्हातारी आली. राखाडी स्वेटर तिच्या मागे — इतकी जवळ की हनुवटी म्हातारीच्या खांद्याला टेकेल.

म्हातारी म्हणाली, लेकी, आज फार थंडी वाजतेय गं.

आज पट्टा सोडायला लावला. उलटा करून झटकला. काही नाही. जाऊ दिलं. मागोमाग ती चौकटीतून गेली. चौकट वाजली नाही. थांबवायला मी हात उचलला — नाही. उचलला नाही. निदान एवढं तरी खरं लिहावं.

पाऊण तासानं जिन्याच्या वळणावर म्हातारी सापडली. नऊ वार. आजूबाजूला कुणी नव्हतं. सुरी कुठेच नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

साहेबांनी विचारलं, सुरी आत आली कशी. मी म्हटलं, पूर्ण तपासणी केली होती. या वेळी खरं होतं. पण मोठी बाई त्यांच्या शेजारी उभी राहून म्हणाली, ही त्या म्हातारीला नेहमीच तशी सोडायची, मी कितीदा बजावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली.

सोमवारी चौकशी. होऊ दे. स्वेटरवालीला हवं होतं ते झालं. आता तरी ती —

सोमवार, ३० सप्टेंबर

साडेदहाला बोलावलंय. बाहेर बसले तर सगळे बघतात, म्हणून पडद्याआड बसून लिहितेय. आमचं फाटक आज बंद. लोक मागच्या दारानं सोडतायत. रांग नाही.

पडद्याखाली पावलं आहेत.

मोठी बाई असेल. हाक मारली. पावलं ओली —

आत आली. समोर नाही, मागे उभी आहे. मान गार पडलीय. लिहिलेलं वाचतेय.

वही मी धरलीय आणि पानं मागे जातायत. मी उलटत नाही. बारा तारखेवर थांबली. बोट ठेवलंय. नखात सुकलेलं — त्या एका वाक्यावर बोट. प्रत्येकीची पूर्ण —

खोडलं. बघ, खोडलं.

बोट उचलत नाही. लिहिते. लिहिते, थांब. त्या दिवशी चौकट वाजली. म्हातारी पडद्याआड आली. मी यंत्र फिरवलं नाही, पण हात लावला, कमरेला, पट्ट्याखाली. काहीतरी लागलं होतं. पट्टीपेक्षा रुंद. टोक होतं त्याला. तिनं माझा हात धरला, हसली. मला वाटलं — नाही, वाटलं नाही. कळलं होतं. मला कळलं होतं ते काय आहे आणि तरी मी तिला म्हटलं की