उजवी बाजू काकूची

दि. ९ फेब्रुवारी

चि. बोळकी हिस,
काकूचे पोटभर आशीर्वाद.

तुझे काका दवाखान्यातून घरी आले, हे तुला कळलंच आहे. पाय चालतात, डोकं तर पहिल्यापेक्षा जास्त चालतं. जीभ मात्र अजून अडखळते, म्हणून फोन वाजला की हे बाथरूममध्ये जाऊन कडी लावतात. परवा तू विचारलंस तेव्हा अंघोळ करताहेत म्हणून मी सांगितलं, ती शुद्ध थाप होती. इतकी अंघोळ कोणी करतं का?

खरी काळजी उजव्या हाताची आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो मांडीवर नुसता पडून असतो. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणते, वापरला तर हात परत येईल, पण हे पहिले काही महिने वाया घालवले तर आखडून बसेल. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. यांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला, तो समोरच्यांच्या कुंडीत जाऊन पडला. जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, मेणात एकेक दात केसाच्या फरकाने बसवला, आणि आता पोरासारखा चेंडू दाबत बसू का, असं म्हणतात. दातांच्या लॅबच्या मालकांनी यांचं स्टूल अजून कुणाला दिलेलं नाही. ते रिकामं स्टूल आठवलं की मला रडू येतं.

तू त्यांची लाडकी आहेस. काहीतरी सुचव बाई. मी बोलून बोलून थकले.

तुझी,
काकू

दि. २० फेब्रुवारी

ती. काका आणि काकू यांना,
बोळकीचा वाकून नमस्कार.

या पत्रामागोमाग एक खोकं येईल. त्यात आमच्या ऑफिसातला जुना गेम खेळायचा सेट आहे. टीव्हीला कसा जोडायचा त्याचं चित्र काढून आत ठेवलंय. बाबा अजून लोकांना मी कम्प्युटरमध्ये आहे एवढंच सांगतात, म्हणून एकदा नीट सांगते. मी दिवसभर बंदुकीचे खेळ खेळते आणि त्यातल्या चुका शोधून काढते. सगळे आपापल्या घरी बसून ऑनलाइन खेळतात. खेळ एकच, पण मोड बदलला की नियम बदलतात. कधी जो तो स्वतःपुरता, दिसेल त्याला गोळी. कधी दोन टीम, जास्त बळी घेणारी जिंकली. कधी समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा. एका मोडमध्ये तर एकच जीव, मेलात की बाकीच्यांचं बघत बसा.

कंट्रोलर दोन्ही हातांत धरतात. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवून बघायचं, उजव्या बोटाने गोळी. काका, तुमचा उजवा हात सध्या रजेवर आहे, तर उजवी बाजू काकूला द्या. हसू नका.

झोपाळ्यावरून पडून माझा पुढचा दात तुटला तेव्हा मी शाळेत जायचं नाही म्हणून गाल फुगवून बसले होते. सगळे समजावून दमले. तुम्ही मला लॅबमध्ये नेलंत, एका पांढऱ्यात किती पांढरे असतात ते दाखवलंत आणि माझा दात मलाच निवडायला लावलात. तोंड उघडून हसायला मी तिथे परत शिकले. तेव्हा मी तुमचं ऐकलं होतं. आता तुम्ही माझं ऐका.

तुमची,
बोळकी

दि. ६ मार्च

चि. बोळकी हिस,
अनेक आशीर्वाद. मी सांगतोय आणि तुझी काकू लिहितेय. (सांगताहेत कसले, हुकूम सोडताहेत. — काकू)

तुझ्या खेळाने आमच्या नाकी नऊ आणले. आधी तो स्वतःपुरता मोड लावला. जन्माला आलो की मेलो, परत जन्माला आलो, परत मेलो. मी चालतो एकीकडे आणि तुझी काकू बघते भलतीकडे. मी ओरडतोय की शत्रू डावीकडे आहे, तर हिची मान वर, कारण तिथल्या एका खिडकीला पडदे छान आहेत. (आहेतच छान. ज्याने काढले त्याला सांग.) एकदा गच्चीवर मी सरळ चाललो होतो, हिने मधेच मान वळवली आणि आम्ही थेट खाली रस्त्यावर.

मग दोन टीमचा मोड. आमच्याच टीममधला एक पोरगा हेडफोनमध्ये म्हणाला की कवळी नावाचं जे कोणी आहे त्याने कृपा करून एका जागी बसावं. कवळी म्हणजे आम्ही. (नाव मी ठेवलं.) झेंड्याच्या मोडमध्ये झेंडा उचलला खरा, पण आपला तळ कुठला ते विसरलो आणि झेंडा घेऊन शत्रूच्याच घरात पाहुण्यासारखे शिरलो.

तेव्हा खोकं परत पाठवतोय. उजवा हात मेला आहे, त्याला मेलेलाच राहू दे. (हे वाक्य मी लिहिणार नव्हते. ओरडले म्हणून लिहिलं. रोज संध्याकाळी टीव्हीपुढे आधी कोण जाऊन बसतं तेही सांगा म्हटलं, तर म्हणतात पत्र संपव.)

तुझा,
काका

दि. १४ मार्च

ती. काका आणि काकू यांना,
बोळकीचा नमस्कार आणि दम.

खोकं आलं तर मी दारातूनच परत पाठवीन. चूक माझी आहे, मी तुम्हाला गाड्याचा मोड सांगायलाच विसरले. त्यात रुळावर एक गाडा असतो. आपल्या टीमने तो शेवटच्या फाटकातून आत न्यायचा. ढकलायचा नाही. आपलं कोणीतरी त्याच्याजवळ उभं असलं की तो आपोआप चालतो, सगळे लांब गेले की थांबतो. समोरची टीम अडवायला येते. ऐकायला सोपं वाटतं, पण भले भले यात हरतात, कारण जो तो बळी घ्यायला धावतो आणि गाड्यापाशी थांबायला कोणी तयार नसतं. आमच्या ऑफिसात एक वाघोबा आहे. नेम अचूक, पण गाड्याकडे कायम पाठ.

शनिवारपासून मी, वाघोबा आणि आणखी दोघं तुमच्या टीममध्ये येतो. आम्हाला गाडा न सोडणारं माणूस हवंय. कवळ्यांची घाई झाली तरी एकही काम तुम्ही अर्धवट सोडलं नाहीत, तेव्हा तुमच्याहून लायक कोण?

तुमची,
बोळकी

दि. २९ मार्च

चि. बोळकी हिस,
अनेक अनेक आशीर्वाद. आधी बातमी. माझं बोट हललं.

शनिवारी तुम्ही सगळे होतात, पण आमच्या खोलीत काय झालं ते तुला कुठून दिसणार? हा गाडा मला पहिल्या दिवसापासून पटला. धावपळ नाही, उगाच मर्दुमकी नाही. तो चालला की त्याच्याबरोबर चालायचं. (मान फार वळवावी लागत नाही, म्हणून मलाही सुख.) वाघोबा नेहमीसारखा शिकारीला गेला. तू धारातीर्थी पडलीस. उरलेल्या दोघांचा पत्ता नाही. फाटक समोर दिसतंय, गाड्यापाशी एकटी कवळी, आणि नेमकं तेव्हाच दूध उतू जातंय म्हणत तुझी काकू आपली बाजू माझ्या मांडीवर टाकून स्वयंपाकघरात पळाली. (दुधाचं राहू द्या. पुढचं सांगा.)

तेवढ्यात गाड्यापुढे शत्रू उभा. मी काकूला हाका मारतोय, ती येईना. मग मी उजव्या हाताला अशी शिवी हासडली की ती लिहायला काकू तयार नाही. (नाहीच.) आणि बोटाने बटण दाबलं गेलं. कसं ते विचारू नकोस. शत्रू पडला, गाडा फाटकातून आत गेला, हेडफोनमध्ये तुमचा आरडाओरडा. मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो, बोटाकडे बघत होतो. काकू आली तेव्हा मी रडत होतो. (दोघंही.)

व्यायामाची बाई खूश आहे. समोरच्यांनी कुंडीतला चेंडू धुऊन जपून ठेवला होता, तोही आणला. तुझ्या मित्रांना माझे आशीर्वाद सांग. हेडफोनमध्ये माझी जीभ अडखळली तरी कोणी हसलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही. वाघोबाला म्हणावं, शिकार कमी कर.

तुझा,
काका

दि. १७ मे

चि. बोळकी हिस,
आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. मीच लिहिलंय. उजव्या हाताने. मधेमधे हात झटकावा लागतो, म्हणून वाक्यं छोटी.

लॅबमध्ये जायला लागलो, सकाळपुरता. मालकांनी स्टूल पुसून ठेवलं होतं. मेणात पहिला दात बसवला, तो वाकडा. काढून परत बसवला, तरी वाकडा. मग बसला सरळ. सगळे काम सोडून बघत उभे होते, त्यांना दटावून कामाला लावलं. पोरी, तुझे आभार कसे मानू? दाताची परतफेड झाली म्हणशील. पण दात एवढासा होता आणि हा अख्खा हात आहे.

आता ज्यासाठी स्वतः लिहायला बसलो ते सांगतो. एवढे दिवस पत्रं तुझी काकू लिहीत होती. तिच्याच हाताने तिचे आभार कसे लिहवून घ्यायचे? तिने कंसात घालून माझी खिल्ली उडवली असती.

त्या शनिवारी दूध उतू गेलं, ते माझं नशीब. पण मग रोजच काहीतरी उतू जायला लागलं. कधी दूध, कधी चहा, कधी नुसतं पाणी. ऐन मोक्याला ही उठणार आणि उजवी बाजू माझ्या मांडीवर. मला वाटलं, बाई विसरभोळी झाली. एकदा मॅच संपून स्क्रीन काळी झाली, तिच्यात मागचं दार दिसलं. ही दारात तोंडावर हात धरून उभी. माझ्या बोटांकडे बघत होती. नंतर पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. गॅस बंद, पातेलं कोरडं. पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो. तिला अजून माहीत नाही की मला माहीत आहे.

आजारपणात मी तिच्यावर फार ओरडलो. ती माझ्यापासून हलली नाही. काल अख्खा कंट्रोलर एकट्याने धरून बघितला. जमतं. दोन शत्रूही पाडले. पण त्या पडद्यांकडे बघायला कोणी नव्हतं, मजा नाही आली. हात दमला असं सांगून उजवी बाजू परत तिला दिली.

हे सगळं तिला तोंडावर सांगायला जातो आणि जीभ अडखळते. या वेळी त्यात झटक्याचा काही दोष नाही. म्हणून पाकीट उघडंच ठेवतोय. पोस्टात टाकायला तीच जाणार आहे, आणि उघडं पाकीट न वाचता बंद करणारी ती बाई नव्हे.

शनिवारी वाट बघतो. लोभ असू दे, आणि त्याला वाघोबासारखा लांब पळू देऊ नकोस.

तुझा,
काका

(वाचलं. त्या पहिल्या शनिवारीही गॅसवर काही नव्हतं. — काकू)